गावाचा विकास टिकतो कशावर?

'शाश्वत विकास' हा शब्द बचत गटाच्या बाईला आता नवा नाही. प्रशिक्षणाला गेलं की भिंतीवर सतरा रंगीत चौकोनांचा तक्ता असतो, ताई एकेक चौकोन वाचून दाखवतात, चहा होतो आणि आपण घरी येतो. तो तक्ता 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या सतरा ध्येयांचा. शब्द मात्र त्याच्या आधीचा. 1987 साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाच्या अहवालामुळे तो जगभर पोचला आणि त्या आयोगाच्या अध्यक्ष एक बाईच होत्या, नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड. त्यांनी सांगितलेला अर्थ आपल्या बोलीत एवढाच: आजची गरज भागवा, पण नातवंडांच्या वाट्याचं खाऊन नको. दुष्काळातसुद्धा बियाण्याची ज्वारी दळणाला न काढणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

शिकायचं आहे ते वेगळंच. एका गावात विकास येतो आणि टिकतो. दुसऱ्या गावात तीच योजना येते, तेवढाच पैसा येतो आणि दोन-तीन वर्षांत मागमूस राहत नाही. असं का होतं?

आम्ही कमी पावसाच्या तालुक्यात गटांचं काम बघतो. दरवर्षी अभ्यास सहल निघते. गाडी एखाद्या आदर्श गावात जाते, सरपंच माहिती देतात, बंधाऱ्यावर सगळ्यांचा फोटो निघतो. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "त्यांनी केलं तेच आपण करू." आजचं आमचं बोलणं या 'तेच'बद्दल आहे. त्यासाठी आपण चार तऱ्हेच्या मुलखांत डोकावून येऊ: आपल्यासारखा कोरडा भाग, जंगलाचा, समुद्रकाठचा आणि बारमाही पाण्याचा.

आधी आपल्यासारखा. हिवरे बाजार हे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं गाव. तिथे वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्याइतकाच. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी मोडली, माणसं कामासाठी बाहेर पडली. 1989 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरावर सलग समतल चर झाले, नाल्यांना बांध घातले, पाझर तलाव झाले, झाडं लागली. फोटोत दिसतं ते हे.

फोटोत दिसत नाहीत ते नियम. कुऱ्हाडबंदी: झाड तोडायचं नाही. चराईबंदी: जनावर मोकळं सोडायचं नाही, गवत विळ्याने कापून आणायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी लावायची नाहीत. आणि दरवर्षी पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा, म्हणजे यंदा किती पडलं, किती मुरलं, त्यात काय पिकवता येईल. माणसांचं आणि जनावरांचं प्यायचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि मग शेतीचं बघायचं. पाऊस कमी झाला, तर रब्बीची पेर कमी करायची. हे ग्रामसभेत ठरतं आणि सगळ्यांना लागू होतं.

त्यांच्या नियमांत नसबंदीही आहे. आता कुठल्याही गावात नसबंदीचा नियम झाला, की ऑपरेशनच्या टेबलावर बहुतेक वेळा बाईच जाते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून दुसऱ्या गावाचा नियम उचलताना त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर येणार, हे बायकांनी विचारूनच घ्यावं. पाण्याच्या नियमांचं मात्र आम्हाला मोल वाटतं आणि त्याचं कारण साध्या हिशोबात आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे साधारण 4000 चौरस मीटर. तेव्हा 400 मिलिमीटर पावसात एका एकरावर 16 लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण त्यातलं बरंच उन्हाने उडतं, काही वाहून जातं, जमिनीत थोडंच मुरतं. आता उसाचं बघा. लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे आपल्या पावसात एक एकर ऊस पिकवायचा, तर चार ते सहा एकरांवर पडलेला सगळा पाऊस, एक थेंब न सांडता, त्या एका एकराला द्यावा लागेल. मग बाकीच्या एकरांवाल्यांनी काय करायचं? त्यांच्या बायकांनी हंडा कुठे भरायचा? उलट भारी काळ्या रानात रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. म्हणजे आपल्या भागात पीक कोणतं घ्यायचं, हा एका घराचा प्रश्न राहत नाही, तो सगळ्या गावाच्या हंड्याचा प्रश्न होतो.

बोअरचंही तसंच. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळावर आहे. या कातळात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. विहीर त्या वरच्या थरातलं पाणी घेते. शेजारी दोनशे-तीनशे फुटांचा बोअर पडला, की वरचं पाणी फटीफटीतून खाली उतरतं, विहीर कोरडी पडते. खाली साठलेलं पाणी भरून यायला मात्र वर्षं लागतात. एकाने बोअर घेतला की शेजारी घेतो, मग तिसरा आणखी खोल घेतो. आमच्याकडे गटातून कर्जाची मागणी येते तेव्हा मुलीच्या शिक्षणाखालोखाल बोअरची असते. बाईच्या नावावर कर्ज, नवऱ्याच्या रानात बोअर. पाणी लागलं नाही, तर बोअर फेल जातो, हप्ता काही फेल जात नाही. तो तिच्या मजुरीतून, शेळी विकून, कधी मंगळसूत्रावरून फिटतो. बोअरबंदीचा ठराव हा पुरुषांनी पारावर बसून करायचा विषय आहे असं कुणी म्हणालं, तर हे हप्ते त्याला दाखवा.

चर खणणं अवघड नाही, जेसीबी आला की आठवड्यात डोंगर कोरून होतो. अवघड आहे ते पाणी आल्यावर हात आवरणं. श्रमदान केलं, पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून सगळ्यांनी मोटारी वाढवल्या, अशी गावं आम्ही पाहिली आहेत. कोरड्या भागात विकास टिकतो तो सगळ्यांनी मिळून वापरावर घातलेल्या लगामावर.

पण हाच धडा घेऊन गडचिरोलीला गेलात, तर तिथल्या बाया हसतील. तिथे पाऊस भरपूर, जंगल दाट. त्या माणसांनी जंगल कधी ओरबाडलंही नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. जंगल दारात, पण त्यावर हक्क नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव. आजूबाजूचा बांबू ठेक्याने कागद कारखान्याला जायचा आणि गावच्या माणसाने तोच बांबू आणला तर तो गुन्हा व्हायचा. तिथे 'थोडं वापरा' हा उपदेश कशाला? आधी 'हे आमचं आहे' हे कागदावर यायला हवं होतं.

2006 साली वनहक्क कायदा झाला. त्याखाली 2009 साली मेंढा-लेखाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा पास वनखात्याच्या हातात. कायद्यात बांबू हे गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलेलं असूनही असा खोळंबा झाला. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

या गावाची आणखी एक रीत आम्हाला फार आवडते. तिथे हात वर करून बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला, तर चर्चा पुढच्या बैठकीत चालू राहते. वेळ जातो खरा. पण आपल्याकडे ग्रामसभेत बायका गप्प बसतात आणि मग 'बहुमताने मंजूर' लिहिलं जातं. तिथे गप्प बसलेल्या बाईचं मत घेतल्याशिवाय विषय पुढे सरकत नाही. कायद्यातही बाईसाठी दोन गोष्टी आहेत, त्या जंगलपट्ट्यातल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवाव्या. वनहक्काच्या कामासाठी भरलेल्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी निदान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. आणि लग्न झालेल्याला कसणुकीचा वनपट्टा मिळतो तो नवरा-बायको दोघांच्या नावाने. पट्ट्यावर तुमचं नाव आहे का, ते एकदा काढून बघा.

आता पश्चिमेला कोकणात उतरू. सिंधुदुर्गात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हिवरे बाजारच्या सातपटीहून जास्त. तरी कोकणात उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर येतात! कारण जांभ्या दगडाची उताराची जमीन पाणी धरत नाही, पाऊस थांबला की पाणी समुद्राला मिळतं. म्हणून तिथे पावसाळा सरता सरता वाहत्या ओढ्यावर मातीच्या गोण्या रचून वनराई बंधारे घालतात. पाऊस किती पडतो यावर विकास ठरत असता, तर कोकणात हंड्यांची रांगच लागली नसती.

पण कोकणातलं आमच्या मनात भरलेलं काम पाण्याचं नाही, झाडाचं आहे. खाडीच्या काठाला चिखलात मुळं वर काढून उभं असतं ते कांदळवन. तिकडे कुणी त्याला तिवरं म्हणतं, कुणी चिपी. त्याच्या मुळांत मासळीची, खेकड्यांची पिल्लं वाढतात, वादळाच्या लाटेचा जोर त्यावर मोडतो. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते तोडायला बंदी केली. नुसत्या बंदीने झाड मात्र वाचत नाही, कारण चूल पेटायची असते आणि भराव घालून जागा विकणाऱ्याला घाई असते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी वेगळी वाट धरली. त्या पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात, पक्षी दाखवतात. वल्ही त्यांच्या हातात, माहिती त्यांच्या तोंडी, पैसा गटाच्या खात्यात. झाड उभं राहिलं तरच त्यांची कमाई. आता तिथे झाडाला पहारेकरी नेमायला नको.

यात अडचणी आहेतच. पावसाळ्यात होडी बंद, पर्यटक आला नाही तर दिवस वाया. एका खाडीवर दहा गट होड्या घेऊन उतरले, तर खाडीही बिघडेल आणि गटही. आणि आपण कोरड्या मुलखातल्या बाया ही सफर काय म्हणून उचलणार? पण त्यांचा विचार उचलता येतो: जे जपायचं आहे, त्यातूनच बाईच्या हातात चार पैसे कसे येतील? आपल्याकडे प्रत्येक गटाला पापड, लोणची आणि शिलाई मशीनच का सुचवतात, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. एका गल्लीत चार गट पापड लाटतात आणि चौघींचे पापड चौघींच्याच घरी खपतात.

राहिला चौथा मुलूख, ज्याच्याकडे बघून आपण नेहमी उसासा टाकतो. कोल्हापूर-सांगलीचा, बारमाही पाण्याचा. शिरोळ तालुक्यात कृष्णा, वारणा, पंचगंगा अशा नद्या. आमच्या भागातल्या किती जणी दिवाळी झाली की मुलंबाळं घेऊन त्याच बाजूला ऊसतोडीला जातात. तिथे दुःख कसलं, असं वाटतं ना? तिथलं दुःख पाण्याच्या जादापणाचं आहे. भारी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाटाने मोकाट पाणी. जमिनीतलं पाणी वर चढतं, क्षार वर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. रान पांढरं पडतं. त्याला क्षारपड म्हणतात. सोन्यासारखं रान, पण त्यात गवताची काडी उगवत नाही. नावावर बागायत आणि घरात फाका.

यावर उपाय आहे. जमिनीत तीन-चार फूट खोल छिद्रांचे पाइप टाकायचे, क्षाराचं पाणी त्यातून बाहेर काढायचं आणि चरातून नाल्याला सोडायचं. खर्च मोठा आहे, पण खरी अडचण खर्चाची नाही. पाणी बाहेर काढायचं, तर ते खालच्या शेजाऱ्याच्या रानातूनच जाणार. त्याने बांध फोडू दिला नाही, तर पाइप टाकून उपयोग नाही. एकट्याने दुरुस्त होणारं हे दुखणं नाही. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र आणलं, तेव्हा तिथल्या पडलेल्या जमिनी पुन्हा पिकाखाली येऊ लागल्या. पाइप टाकून झाल्यावरही पाणी मोजूनच द्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तेच. म्हणजे भरपूर पाणी असलेल्या गावालाही शेवटी शेजाऱ्याशी बोलावंच लागलं.

तेव्हा मैत्रिणींनो, आम्हाला वाटतं ते असं. प्रत्येक मुलखात विकासाला रेटा देणारी गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे वापरावरचा लगाम, जंगलात हक्काचा कागद, खाडीकाठी उभ्या झाडातून मिळणारी कमाई, नदीकाठी निचरा. पण आपली गोष्ट कोणती, हे ओळखायला आणि ठरवायला सगळं गाव एकत्र बसावं लागतं. त्या बसण्यात पाणी भरणारी, सरपण आणणारी, जनावरांचं वैरणपाणी करणारी बाई नसेल, तर अर्धी माहिती तिथेच गळते. कुठली विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे तलाठ्याच्या कागदात नसतं, ते आपल्याला माहीत असतं.

घरातही तसंच आहे. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था 1993 च्या भूकंपानंतर बायकांबरोबर उभी राहिली. त्यांच्या कामातली 'एक एकर' ही कल्पना आम्हाला पटते. बाईने घरच्यांकडे फक्त एक एकर रान मागायचं, काही जणी अर्ध्यावरही सुरुवात करतात. त्यात काय पेरायचं ते ती ठरवणार. नगदी पिकाऐवजी ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला, तोही कमी पाण्यात आणि शेणखतावर. बाजार पडला, पाऊस हुकला, तरी ताटात काहीतरी येतं. या कामासाठी संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते मागणं. सासऱ्याला "मामंजी, मला एक एकर माझ्या मनाने पेरू द्या" असं म्हणणं किती जड जातं, हे ज्या म्हणाल्या त्यांना विचारा. सातबाऱ्यावर नाव असेल तर हे मागणं हलकं होतं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी नव्याने होतो. 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणतात तो हाच. आणि आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि आपण चुलीपुढून उठून सही करून देतो. यंदा गटाने तसं करू नये. सभेची तारीख ग्रामसेवकाला आधीच विचारावी. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. गावातल्या पाच-सहा विहिरी ठरवाव्या आणि दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दोराने पाण्याची पातळी मोजून गटाच्या वहीत लिहावी. दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या की झालं. बोअरसाठी गटातून किती कर्ज गेलं, त्यातले किती बोअर फेल गेले, हा आकडाही सोबत न्यावा. नावं वाचायची गरज नाही, आकडा पुरेसा बोलतो. कुणी म्हणालं की हे तुमच्या कामाचं नाही, तर मागच्या उन्हाळ्यात पाणी कुणी आणलं ते विचारावं.

आणि सभा संपली की लगेच उठू नका. प्रोसिडिंगमध्ये तुमचा ठराव लिहिलाय का आणि कोणत्या शब्दांत लिहिलाय, ते एकीने मोठ्याने वाचून दाखवावं. सह्या त्यानंतर कराव्यात.